सकाळची ठाण्याची बस आणि आपला धंदा

भिवंडीच्या माणसाला मुंबईच्या कापडबाजारात जायचे म्हणजे आधी ठाण्याची बस पकडणे आले. ठाण्याला रेल्वे १८५३ साली आली. तिथून जेमतेम १५ किलोमीटरवर असलेल्या आमच्या गावाला मुंबईची थेट लोकल अजून नाही. भिवंडी रोड स्टेशन आहे, पण ते दिवा-वसई मार्गावर. गाड्या थोड्या आणि मध्ये गाडी बदलावी लागते. म्हणून लूमवाला, दलाल, कॉलेजचा पोरगा, ठाण्यात नोकरीला जाणारी बाई, सगळे सकाळी एकाच बसच्या दारात.

स्टँडवरून निघालेली बस अंजूरफाट्याला येईपर्यंत भरून जाते. पुढे काल्हेर, कशेळी, खाडीवरचा पूल, बाळकुम, कापूरबावडी आणि मग ठाणे स्टेशन. दोन्ही बाजूंना गोदामे, त्यांचे ट्रक आणि कंटेनर. त्यात २०१८ च्या डिसेंबरात पायाभरणी झालेल्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब याच रस्त्याच्या मध्यावर आले.

आपले व्यापारी बांधव म्हणतात, गर्दीच्या वेळीच बस का मिळत नाही? मुद्दाम कमी सोडतात काय? हा हिशोब लूमच्या हिशोबासारखाच आहे. समजा, जाऊन-येऊन एका फेरीला ९० मिनिटे लागतात आणि गाड्या ९ आहेत. म्हणजे दर १० मिनिटांना एक बस. आता रस्ता तुंबला आणि फेरीला १५० मिनिटे लागू लागली, तर त्याच ९ गाड्यांत बस येणार १६-१७ मिनिटांनी. गाडी एकही कमी झाली नाही, ड्रायव्हरने आळस केला नाही, तरी माल निम्म्याच्या जवळ आला. आणि हे नेमके ज्या वेळी गिऱ्हाईक जास्त, त्याच वेळी होते.

अर्धा तास काही नाही आणि मग दोन बस एकामागे एक, हेही आपण रोज पाहतो. पहिली बस थोडी मागे पडली की थांब्यावर माणसे जास्त जमतात. त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागची बस मोकळ्या थांब्यांवरून येते आणि तिला गाठते. शहाणा माणूस पहिलीत लोंबकळत नाही, मागचीत बसतो. पण हे धाडस आमच्याकडून दहा वेळांत दोनदाच होते.

उशिराचे मोल आम्ही एकदा चांगलेच चुकवले आहे. बाहेरगावचा एक खरेदीदार मूळजी जेठा मार्केटमध्ये येणार होता. दुपारी त्याला परतीची गाडी. ग्रे कापडाचे नमुने घेऊन आम्ही साडेआठच्या बसमध्ये बसलो आणि कशेळीला एक कंटेनर आडवा बंद पडला. ठाण्यातून फास्ट लोकल पकडली, पण ती मशीद बंदरला थांबत नाही. सीएसएमटीला उतरून घामाघूम पोहोचलो तेव्हा सौदा दुसऱ्याशी झाला होता. खरेदीदार भला माणूस, त्याने चहा पाजला. त्या चहाची चव अजून आठवते. त्या महिन्यात कारागिरांची मजुरी उसनवारीवर द्यावी लागली.

शुक्रवारची गोष्ट वेगळी. आमचे लूम बंद, मुंबईचा बाजार चालू. उगराणीला निघायला हाच दिवस बरा, आणि जुम्याची अडचणही नाही, कारण मुंबईची जामा मशीद शेख मेमन स्ट्रीटवर, मार्केटला लागूनच आहे. फक्त निघायचे सातच्या आत. सात वाजून गेले की अर्धा तास उशिरा निघालेला माणूस तासभर उशिरा पोहोचतो, असा आमचा अनुभव.

घरच्या बायांना एस.टी.त मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. त्यामुळे शिवणकामाचा माल ठाण्यात पोहोचवणाऱ्या बहिणींचा खर्च हलका झाला. ओझ्याचे मात्र लक्षात ठेवा. ताके घेऊन सकाळच्या बसमध्ये चढू नका. कंडक्टर बोलतो आणि उभ्या माणसांच्या पायाखाली कापडही खराब होते. ताके आदल्या संध्याकाळी टेम्पोने जाऊ द्या. बसमध्ये हातात नमुन्यांची पिशवी आणि बिलबुक, एवढे पुरे.