अभिकारकाचे पात्र : साठवण आणि मिश्रण यांची रचना (हैदराबादच्या संदर्भात)

प्रस्तावना

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याचे उत्तर चुकले की दोष बहुधा त्याच्या हाताला किंवा नजरेला दिला जातो. ब्युरेटचे वाचन बरोबर घेतले नाही, अंत्यबिंदू ओलांडला, आकडेमोड चुकली, अशी कारणे लगेच पुढे येतात. ज्या बाटलीतून द्रावण घेतले त्या बाटलीची चौकशी मात्र क्वचितच होते. वास्तविक सत्राच्या आरंभी तयार केलेले सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाण द्रावण सत्राच्या अखेरीस तेवढ्याच तीव्रतेचे राहील की नाही, हे विद्यार्थ्यावर नव्हे तर बाटलीवर अवलंबून असते.

अभिकारक म्हणजे रिएजंट साठवण्याचे आणि मिसळण्याचे पात्र हा प्रयोगाचाच एक भाग आहे, ही गोष्ट प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहे. त्यासाठी महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील परिचित उदाहरणांबरोबर हैदराबाद शहरातील काही उदाहरणे घेतली आहेत. भूल देण्याच्या औषधावरील एकोणिसाव्या शतकातील प्रयोग, स्वदेशी लसींची निर्मिती आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे म्हणजे सीसीएमबीचे संशोधन या तिन्ही गोष्टी या एकाच शहरात घडल्या. काय कशात ठेवावे, काय वेगळे ठेवावे आणि केव्हा मिसळावे, हे तीन प्रश्न त्या तिन्हींच्या मुळाशी आहेत.

१. पात्र तटस्थ नसते

काच कशाशीही अभिक्रिया करत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काच खाते, म्हणून ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. संहत अल्कली काचेतील सिलिकेटवर हळूहळू परिणाम करतात. काचेचे घासलेले बूच लावलेली कॉस्टिक सोड्याची बाटली काही आठवड्यांनी उघडता उघडत नाही, याचे कारण हेच. तेथे रबराचे बूच किंवा पॉलिथिनची बाटली योग्य. याउलट आयोडीन रबरावर परिणाम करते आणि पोटॅशियम परमँगनेटचा रबराशी संपर्क आला की द्रावण बिघडते. या दोहोंसाठी काचेचेच बूच हवे. बूच बाटलीचे नसते, आतल्या पदार्थाचे असते.

पात्राच्या भिंतीबरोबर हवेचाही विचार करावा लागतो. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि हायड्रॉक्साइडच्या दोन रेणूंच्या जागी कार्बोनेटचा एक रेणू तयार होतो. फिनॉल्फ्थॅलिन हा दर्शक वापरला, तर अंत्यबिंदूपर्यंत हा एक रेणू हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एकाच रेणूला पुरतो. म्हणजे द्रावणाची तीव्रता कमी झालेली दिसते आणि विद्यार्थ्याचे उत्तर अचूक वाचन करूनही चुकते. बाटलीच्या तोंडाशी सोडालाइमची संरक्षक नळी बसवली की ही चूक बरीच टळते. हायड्रोजन पेरॉक्साइडची अडचण उलट स्वरूपाची आहे. त्याचे हळूहळू विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे त्याची बाटली हवाबंद करणे धोक्याचे ठरते. त्याच्या झाकणाला वायू बाहेर पडण्याची वाट ठेवलेली असते.

प्रकाशाचे उदाहरण हैदराबादच्या इतिहासात सापडते. निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले होते. क्लोरोफॉर्मने होणारा मृत्यू श्वास थांबल्याने होतो, हृदयावरील थेट परिणामाने नव्हे, हा आयोगांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलेत हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो, हे दाखवून दिले. तथापि क्लोरोफॉर्मचा आणखी एक धोका त्याच्या बाटलीशी संबंधित आहे. हवा आणि प्रकाश मिळाला की क्लोरोफॉर्मपासून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. म्हणून ते तपकिरी बाटलीत, वर थोडीच जागा ठेवून भरतात आणि त्यात स्थिरतेसाठी अल्प प्रमाणात इथेनॉल घालतात. तपकिरी काच निळा आणि जंबुपार प्रकाश अडवते. सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट यांनाही तीच काच लागते.

२. वेगळे ठेवण्याची कला

काही अभिकारक एकत्र टिकत नाहीत. त्यांचे घटक स्वतंत्र ठेवून ऐनवेळी एकत्र करावे लागतात. फेलिंगचे द्रावण हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. 'अ' द्रावणात ५०० मिलिलिटरला सुमारे ३४.६ ग्रॅम कॉपर सल्फेट असते. 'ब' द्रावणात तेवढ्याच आकारमानात १७३ ग्रॅम रोशेल सॉल्ट आणि सुमारे ५० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड असते. दोन्ही आधीच मिसळून ठेवली, तर शर्करा नसतानाही टार्ट्रेटचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते आणि तळाशी क्युप्रस ऑक्साइडचा तांबडा अवक्षेप जमू लागतो. असे द्रावण परीक्षेत खोटी साक्ष देते. बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सायट्रेट आणि कार्बोनेट वापरून हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला. त्यांचे द्रावण एकाच बाटलीत टिकते. तात्पर्य, दोन बाटल्या करणे हा एक मार्ग आणि घटकच बदलणे हा दुसरा.

टॉलेन्सच्या अभिकारकाला या दोहोंपैकी कोणताही मार्ग लागू पडत नाही. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट साठवून ठेवल्यास त्यात स्फोटक संयुग तयार होऊ शकते. त्यामुळे ते लागेल तेवढेच परीक्षानळीत तयार करावे आणि प्रयोग संपताच विरल नायट्रिक आम्ल घालून नष्ट करावे. काही द्रावणांना बाटलीच नसावी, हाही रचनेचाच निर्णय होय.

साठवण आणि मिश्रण एकाच पात्रात साधणारी जुनी व अत्यंत बुद्धिमान रचना म्हणजे किपचे उपकरण. डेल्फ्ट येथील पेट्रस याकोबस किप यांनी ते १८४४ च्या सुमारास तयार केले. वरच्या गोलात ओतलेले आम्ल लांब नळीतून तळच्या गोलात उतरते आणि तेथून मधल्या गोलातील फेरस सल्फाइडच्या खड्यांपर्यंत चढते. तोटी उघडी असेपर्यंत हायड्रोजन सल्फाइड तयार होत राहतो. तोटी बंद करताच साचलेला वायू आम्लाला खाली दाबतो, ते नळीतून पुन्हा वरच्या गोलात जाते आणि अभिक्रिया थांबते. कोणतीही झडप किंवा यंत्रणा न लावता वायूचा दाबच येथे पहारेकऱ्याचे काम करतो. मात्र सल्फाइडची भुकटी वापरली तर ती तळच्या आम्लात पडते आणि हा पहारा निकामी होतो. हायड्रोजन सल्फाइडची मात्रा वाढली की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे हे उपकरण धुरांड्याच्या कपाटातच असावे.

३. मिसळणे म्हणजे काय

दोन द्रव एका पात्रात ओतले म्हणजे ते मिसळले, असे होत नाही. न ढवळलेल्या चहाचा शेवटचा घोट गोड लागतो, हा सर्वांचा अनुभव आहे. पाण्यात विरघळलेला लहान रेणू केवळ विसरणाने एक सेंटिमीटर अंतर कापायला साधारण अर्धा दिवस घेतो. म्हणून मिसळण्यासाठी प्रवाह निर्माण करावा लागतो, आणि प्रवाहासाठी पात्रात मोकळी जागा लागते. काठोकाठ भरलेली बाटली कितीही हलवली तरी आतले द्रावण फारसे हलत नाही. प्रमाण चंबूची लांब मान आकारमान अचूक मोजण्यासाठी असते, मिसळण्यासाठी नव्हे. म्हणूनच खुणेपर्यंत पाणी भरल्यावर बूच लावून चंबू अनेकदा उलटासुलटा करावा लागतो. दर वेळी हवेचा बुडबुडा मानेतून पोटात जातो आणि तोच ढवळण्याचे काम करतो.

संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना भरपूर उष्णता बाहेर पडते. ते काम अभिकारकाच्या जाड काचेच्या बाटलीत कधीही करू नये, कारण असमान तापल्याने ती तडकू शकते. बोरोसिलिकेट काचेच्या चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात आम्ल हळूहळू ढवळत ओतावे आणि थंड झाल्यावरच बाटलीत भरावे. मिसळण्याचे पात्र वेगळे आणि साठवण्याचे वेगळे, हा येथला नियम.

४. हैदराबादच्या दोन कुप्या

हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ मध्ये शानव्हॅक-बी ही हिपॅटायटिस-बी विरोधी लस बाजारात आणली. पुनर्संयोजित डीएनए तंत्राने तयार झालेली ती पहिली भारतीय लस होय. या प्रकारच्या लसीतील प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या सूक्ष्म कणांवर चिकटलेले असते. कुपी स्थिर ठेवली की हे कण तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक मात्रा काढण्यापूर्वी ती हलवावी लागते. न हलवता मात्रा काढली तर एकाला जवळजवळ पाणीच मिळेल आणि दुसऱ्याला गाळ. ही लस गोठली तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि लस निकामी होते. गोठल्याचा संशय असलेली आणि मुद्दाम गोठवलेली अशा दोन कुप्या एकत्र हलवून कोणतीतील गाळ किती वेगाने बसतो हे पाहणे, ही आरोग्य कर्मचाऱ्यांची 'शेक टेस्ट' होय. प्रयोगशाळेबाहेर, आरोग्य केंद्राच्या टेबलावर करता येणारी ही निलंबनाची परीक्षा विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगी आहे.

दुसरी कुपी २०२० मधील आहे. कोविडच्या चाचणीसाठी नाकातून किंवा घशातून घेतलेला स्वॅब विषाणू टिकवणाऱ्या द्रवात बुडवून प्रयोगशाळेत पाठवत असत. त्या द्रवाचा पुरवठा करावा लागे, नळी गळू नये म्हणून बंदोबस्त करावा लागे आणि प्रयोगशाळेत आरएनए वेगळे करण्यात वेळ जाई. सीसीएमबीने स्वॅब कोरड्याच नळीत पाठवण्याची पद्धत विकसित केली. द्रव प्रयोगशाळेत पोचल्यावर घालायचा, नमुना उष्णतेने निष्क्रिय करायचा आणि आरएनए वेगळे न काढता थेट चाचणीला घ्यायचा, अशी ती पद्धत. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तिला मान्यता दिली. येथे पात्रातून अभिकारक काढून टाकणे हीच सुधारणा ठरली. मिसळण्याची जागा रुग्णाजवळून प्रयोगशाळेत हलवली आणि खर्च व वेळ दोन्ही वाचले.

याच विचाराचे दुसरे टोक गोव्यातील मॉल्बिओ कंपनीच्या ट्रूनॅट या क्षयरोग चाचणीत दिसते. तेथे अभिकारक सुकवून लहान नळीत भरलेले असतात. त्यात नमुन्याचे काही मायक्रोलिटर द्रावण घातले की ते विरघळतात आणि चाचणीला तयार होतात. सुके अभिकारक सामान्य तापमानाला टिकतात, त्यामुळे जेथे शीतकपाटाचा भरवसा नाही अशा केंद्रातही ती चाचणी करता येते.

५. चुकीची किंमत

पात्राच्या रचनेकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याचे दुःखद उदाहरण सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियातील इदलिब प्रांतात घडले. गोवराची लस सुक्या स्वरूपात येते आणि देण्यापूर्वी तिच्यासाठीच दिलेल्या विद्रावकात मिसळावी लागते. तेथे विद्रावकाऐवजी ॲट्राक्युरियम हे स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि १५ बालके दगावली. लस दोषी नव्हती. दिसायला सारख्या असलेल्या कुप्या जवळजवळ ठेवल्या गेल्या होत्या. लस आणि तिचा विद्रावक जोडीनेच पाठवावेत, शीतकपाटात दुसरे औषध ठेवू नये, मिसळलेली गोवराची लस चार तासांत वापरावी अथवा टाकून द्यावी, या नियमांचा अर्थ अशा घटनेनंतर वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

६. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी

महाविद्यालयात वरील तत्त्वे राबवण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. पुढील गोष्टी पाळणे पुरेसे आहे.

(१) नावाची चिठ्ठी झाकणावर नव्हे, बाटलीच्या अंगावर लावावी. झाकणे अदलाबदल होतात.

(२) चिठ्ठीवर नाव व तीव्रतेबरोबर तयार केल्याची तारीख लिहावी. प्रमाण द्रावणाच्या बाटलीवर पुन्हा प्रमाणित केल्याची तारीखही असावी.

(३) ओतताना चिठ्ठी तळहाताकडे धरावी, म्हणजे ओघळाने अक्षरे पुसली जात नाहीत.

(४) पिण्याच्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कोणतेही रसायन भरू नये. तहानलेल्या माणसाला चिठ्ठी वाचायची सवय नसते.

(५) एकत्र टिकत नाहीत अशी द्रावणे वेगळ्या बाटल्यांत ठेवावीत, पण एकाच तबकात जोडीने मांडावीत.

(६) बाटलीतून जास्त घेतलेले द्रावण परत बाटलीत ओतू नये.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक छोटा प्रकल्पही देता येईल. सोडियम हायड्रॉक्साइडचे एकच द्रावण तीन पात्रांत, म्हणजे उघड्या चंचुपात्रात, साध्या बंद बाटलीत आणि सोडालाइमची नळी असलेल्या बाटलीत ठेवावे. दर आठवड्याला फिनॉल्फ्थॅलिन वापरून हायड्रोक्लोरिक आम्लाशी अनुमापन करावे आणि वाचनांचा आलेख काढावा. उघड्या पात्रात बाष्पीभवनाने तीव्रता वाढते आणि कार्बोनेटमुळे ती घटलेली दिसते. हे दोन परिणाम वेगळे कसे करावेत, यावर होणारी चर्चा कोणत्याही पाठ्यपुस्तकातील उताऱ्यापेक्षा अधिक शिकवून जाईल.

समारोप

क्लोरोफॉर्मच्या तपकिरी बाटलीपासून कोरड्या स्वॅबच्या नळीपर्यंतची ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. पदार्थाला कशापासून जपायचे, कोणापासून दूर ठेवायचे आणि कोणत्या क्षणी व कोणाच्या हाताने मिसळायचे, हे ठरले की पात्राचा आकार आपोआप ठरत जातो. म्हणून पुढच्या वेळी विद्यार्थ्याचे उत्तर चुकले, तर गुण कापण्यापूर्वी शिक्षकाने बाटलीवरची तारीख वाचणे न्याय्य ठरेल.