घरखरेदीची परिभाषा

पूर्वी आपल्याकडे घर मोजावयाचे ते खणांनी. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. 'चार खणी घर' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर उभे राही. तुळई, पाखाडी, कडीपाट, जोते हे शब्द गवंड्यासुतारांचे खरे, पण घरधन्यालाही ते तोंडपाठ असत. कारण घर त्याच्या देखत, त्याच्याशी भांडतभांडत उभे राहत असे. 'घर पाहावे बांधून' ही म्हण त्या काळची. आज शहरात राहणारे आपण बहुतेक जण घर बांधीत नाही, विकत घेतो. आणि तेही पुष्कळदा पाया खणला जाण्यापूर्वी. त्या वेळी हाती येतात ते केवळ शब्द. जन्मभराची कमाई आणि पुढील वीस वर्षांचे हप्ते ज्या शब्दांवर लावावयाचे, त्यांपैकी काहींचे अर्थ येथे पाहावे असे आम्ही योजिले आहे.

पहिला घोळ क्षेत्रफळाचा. कार्पेट म्हणजे, नावावरून कळते त्याप्रमाणे, जेथे सतरंजी अंथरता येईल ती जागा. मराठीत तिला चटईक्षेत्र म्हणतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ज्याला आपण 'रेरा' म्हणतो त्याने, याची व्याख्या बांधून दिली आहे: घरातील वापरण्याजोगी जागा, त्यात आतील भिंती धरावयाच्या, बाहेरील भिंती, खास त्या घराची बाल्कनी व उघडी गच्ची मात्र धरावयाची नाही. यात बाहेरील भिंती आणि बाल्कनी मिळविली की 'बिल्ट-अप' होते. त्यात जिना, लिफ्ट, बोळ, प्रवेशाचे दालन यांचा वाटा घातला की 'सुपर बिल्ट-अप'. हा वाटा किती धरावा हे विकणाराच ठरवीत असे. समजा, घर नऊशे फूट सांगितले, दर आठ हजार. किंमत झाली बहात्तर लाख. आत टेप लावला तर भरले सहाशे. म्हणजे दर बारा हजार पडला! दर स्वस्त नव्हता, फूट आखूड होता. आज किंमत चटईक्षेत्रावरच सांगितली पाहिजे असे बंधन आहे. तथापि विकणाऱ्यांच्या बोलण्यातून जुना शब्द अद्याप गेलेला नाही. तो कानी पडला की 'चटईक्षेत्र किती?' एवढेच विचारावे.

'चटईक्षेत्र निर्देशांक' हा मात्र निराळा शब्द आहे. त्याचा संबंध भूखंडाशी. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल तर सर्व मजले मिळून हजार चौरस मीटर बांधता येते, दोन असेल तर दोन हजार. घर घेणाऱ्याला याच्याशी काय करावयाचे आहे, असे वाटेल. त्याचे उत्तर शेवटी येईल.

आता कागद. सातबारा हा गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांचा जोडउतारा: सातमध्ये धारकाचा हक्क, बारामध्ये पिकाची नोंद. जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे त्याची जागा मिळकत पत्रिका घेते. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे केवळ अशा कराराने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. मालकी पालटते ती नोंदविलेल्या खरेदीखताने. मुखत्यारपत्रावर घर विकत मिळते ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली खोडून काढली. आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीत करार नोंदविण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्यास २०१६ च्या कायद्याने मनाई आहे. 'आधी भरा, कागद मागाहून' असे म्हणणाऱ्याला हे नम्रपणे ऐकवावे.

भोगवटा प्रमाणपत्र हा शब्द ऐकावयास रूक्ष आहे. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली, आता राहावयास हरकत नाही, असा तो पालिकेचा दाखला. किल्ली हाती पडली की त्याची आठवण कोणाला राहत नाही. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला आवारात पाच मजल्यांची मंजुरी असता इमारती त्याहून पुष्कळ वर चढविल्या गेल्या, एक तर वीस मजल्यांपर्यंत. वरच्या मजल्यांवर कुटुंबे दोन-अडीच दशके नांदली. आणि २०१३ मध्ये ते मजले पाडावयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढल्या वर्षी त्यांचे पाणी आणि वीज तोडण्यात आली. पैसे तर सर्वांनी भरलेले होते.

तळमजल्यावरील खांबांमधील मोकळी जागा गाडीसाठी म्हणून वेगळी विकता येत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०१० मध्ये दिला, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

परंतु सर्वांत उपेक्षित शब्द अभिहस्तांतरण हा होय. फ्लॅट घेतला की जमीनही आपली झाली, असे आपण गृहीत धरतो. तसे होत नाही. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे विकासकाने संस्था स्थापून जमीन व इमारत दोन्ही तिच्या नावे करून द्यावयाची असतात. करारात मुदत नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत. (१९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालील इमारतींत रीत निराळी: तेथे प्रत्येक सदनिकाधारकाला स्वतंत्र दस्ताने घराबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्सा मिळतो.) पुष्कळ ठिकाणी हे काम वर्षानुवर्षे तसेच राहते, आणि सभासदांनाही ते खटकत नाही, कारण नळाला पाणी येते आणि लिफ्ट चालते. खटकते ते इमारत मोडकळीस आली म्हणजे. भिंती चाळीस-पन्नास वर्षांत थकतात. मागे उरते ती जमीन, आणि तिच्यावर नव्याने किती बांधता येईल हे सांगणारा तो निर्देशांक. त्याचा लाभ कोणी घ्यावयाचा, हा वाद तेथून सुरू होतो.

विकासक दाद देत नसेल, हयात नसेल, तरी वाट बंद नाही. २००८ मधील दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरण' आले. संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. तो सर्वांचे म्हणणे ऐकून दाखला देतो, आणि विकासकाच्या सहीवाचून दस्त नोंदता येतो. दस्त नोंदला की पेढे वाटून लोक थांबतात. थांबू नये. तो घेऊन नगर भूमापन कार्यालयात जावे आणि मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव चढल्याचा उतारा हाती घेऊनच परत यावे.