रांग बदलली आणि जवान गैरहजर झाला

बंगळूरहून तुमचा हा निवृत्त फौजी आज जरा अवघड विषय घेऊन आलाय. पण सुरुवात बराकीतून करू.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी संध्याकाळच्या रोलकॉलला मी एका जवानाला गैरहजर लिहिलं. तो हजर होता. मी मोजत असतानाच काही जणांची रांग बदलली गेली होती. पुन्हा न मोजता मी सही केली आणि त्या पोराला विनाकारण साहेबांसमोर उभं राहावं लागलं.

हीच चूक कॉम्प्युटरही करू शकतो. आपण फाइल उघडतो तेव्हा लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आधी मेमरीतल्या नावांच्या साठ्यात शोधतो. त्याला डीकॅश म्हणतात. तिथे नावांच्या अनेक साखळ्या असतात आणि शोधणारा प्रत्येक नोंदीकडून पुढची नोंद कुठे आहे ते विचारत जातो.

पूर्वी शोधताना या साठ्याला एकच कुलूप लागायचं. प्रोसेसर वाढले तसे सगळे कुलपापाशी ताटकळू लागले. 2002 साली लिनक्समध्ये आरसीयू ही पद्धत आली. तिच्यात वाचणारा कुलूप लावतच नाही आणि साखळीतून काढलेली नोंद, आधीपासून वाचणारे सगळे बाहेर पडेपर्यंत, पुसली जात नाही. डीकॅशमध्ये ही पद्धत आणण्याच्या कामात पॉल मॅकेनी यांच्याबरोबर आयबीएमच्या आपल्या बंगळूरमधले दीपांकर सरमा आणि मनीष सोनी होते. तिघांनी 2004 साली ‘लिनक्स जर्नल’मध्ये त्यावर लेखही लिहिला.

आता गोम बघा. मी एका रांगेत जवानामागून जवान विचारत चाललोय. ज्याच्यापाशी उभा आहे, त्यालाच कोणी दुसऱ्या रांगेत नेलं. मी त्याच्यासोबत तिकडे गेलो, त्या रांगेच्या शेवटापर्यंत विचारलं आणि म्हणालो, ‘शिंदे नाही.’ शिंदे मात्र पहिल्याच रांगेत उभा! एखाद्या फाइलचं नाव बदललं की तिची नोंद अशीच साखळी बदलते आणि भलतीच फाइल ‘सापडत नाही’. याला रेस कंडिशन म्हणतात. हजारदा चाचणी घ्या, दिसेलच असं नाही.

उपाय साधा आहे. नाव बदलण्याचं काम सुरू होताना एक आकडा वाढतो, संपताना पुन्हा वाढतो. शोधणारा आधी तो आकडा बघून ठेवतो. नोंद सापडली, तर तिच्यापुरतं छोटं कुलूप लावून नाव पुन्हा ताडून बघतो आणि काम संपलं. नाही सापडली, तर आकडा पुन्हा बघतो. बदलला असेल तर शोध पहिल्यापासून.

मला यातलं हेच पटलं. ‘आहे’ म्हणायला समोरचा एक माणूस ओळखला की पुरतं. ‘नाही’ म्हणायचं, तर मधल्या वेळात रांगा हलल्या नाहीत याची खात्री हवी. त्या संध्याकाळी मी दोन मिनिटं जास्त दिली असती, तर एका पोराची मान खाली गेली नसती.

जय हिंद. भेटू पुढच्या भागात.