भुईमुगाचे वाण अनेक, पण मूळ एकच! तांबेऱ्यावरचा उपाय सापडला रानटी भावकीत

बेळगाव : खरिपाचा भुईमूग शेंगा भरायच्या वेळेला आला की पानांवर टिक्क्याचे काळे ठिपके आणि पानामागे तांबेऱ्याच्या विटकरी पुटकुळ्या दिसू लागतात. दोन्ही रोग एकदम आले तर पाला झडतो, दाणा पोसत नाही आणि उतारा निम्म्यावर येऊ शकतो. वाण बदलला तरी अनेकदा रोग काही सुटत नाही. याचे कारण या पिकाच्या जन्मातच आहे.

एकाच घरची मंडळी

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या सीमाभागात सुमारे १० हजार वर्षांपूर्वी दोन रानटी प्रजातींचा संकर झाला. त्या दोघींची गुणसूत्रे २०-२०, तर नव्या रोपाची ४०. आकडाच जुळेना, म्हणून रानटी भावकीशी सोयरीक जवळपास तुटली. त्यात भुईमुगाचे फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे बाहेरचे नवे गुण आत येणे कठीण झाले. उपट्या असो वा पसऱ्या, दाणा लाल असो वा गुलाबी, वरून फरक दिसतो. आत मात्र सगळे एकाच घरचे. पिकात जनुकीय विविधता कमी आहे, असे म्हणतात ते हेच.

धारवाडचा वाण, जळगावचा फायदा

बोलिव्हियातील 'अराकिस कार्डेनासी' ही रानटी प्रजाती या दोन्ही रोगांना दाद देत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत खटपट करून तिचा भुईमुगाशी संकर साधला गेला. त्यातून आलेले बियाणे हैदराबादजवळ पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट' संस्थेत पोहोचले. पुढे धारवाडच्या कृषी विद्यापीठाने 'जीपीबीडी-४' हा रोगप्रतिकारक वाण काढला, त्याच्या एका पालकात हेच रानटी रक्त आहे.

जळगावच्या संशोधन केंद्राचा 'जेएल-२४' (फुले प्रगती) लवकर निघणारा, शेतकऱ्यांचा आवडता, पण तांबेऱ्यापुढे हतबल. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी डीएनएमधील खुणा तपासत 'जीपीबीडी-४' मधला प्रतिकाराचा तुकडा 'जेएल-२४', 'टीएजी-२४' आणि 'आयसीजीव्ही-९१११४' या तीन वाणांत उतरवला. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

धोका कुठे?

कार्डेनासीकडून आलेला हा प्रतिकार रानातून गोळा केलेल्या एकाच नमुन्यातला आहे. उद्या रोगाने रूप बदलले तर हा आधार सगळीकडे एकदम डळमळू शकतो. म्हणून इक्रिसॅटच्या बीजपेढीत जपलेले भुईमुगाचे १५ हजारांवर नमुने मोलाचे आहेत.

शेतकऱ्याच्या हाती दोन गोष्टी आहेत. सगळ्या शिवारात एकच वाण पेरू नये. आणि घरचे जुने बी असेल तर ते वेगळे, शेंगेतच सुकवून ठेवावे. फोडलेल्या दाण्याची उगवण लवकर घटते.