जमा आणि नावे

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आकाशवाणीच्या मंडळींनी मला विषय दिला तो असा : पंचविशीतले तुम्हीच तुमच्यासमोर येऊन बसलात, तर त्याला काय सांगाल? ऐकून आधी हसू आले. पंचविशीतला मी कुणाचेच ऐकणारा नव्हतो. केस पिकलेल्या, बी.ए.वर थांबलेल्या या गृहस्थाचे तर त्याने मुळीच ऐकले नसते. तरीही सांगून बघायला हरकत नाही. त्याने नाही ऐकले, तरी आज लिहू लागलेले एखादे पोर ऐकेल.

तो पोरगा त्या वेळी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होता. रेणापूरहून सकाळी एसटी पकडायची, वीसेक किलोमीटरवर लातूर, आणि दिवसभर तूर, हरभरा, करडईच्या पट्ट्या लिहायच्या. मालक एकच गोष्ट सांगत : रोजमेळ जुळल्याशिवाय दिवा मालवायचा नाही. आले ते जमा, गेले ते नावे. शेतकऱ्याने माल घातला की त्याच्या खात्यात जमा, उचल नेली की त्याच्या नावे. चार आण्यांचा फरक आला तरी पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज. मी दुसऱ्यांच्या वह्या अशा चोख ठेवल्या. स्वतःच्या कवितेची वही मात्र कधी लिहिली नाही. कविता आणि हिशेब यांचे काय नाते, असे वाटायचे. आज मला त्या पोराला सांगायचे आहे ते एवढेच : बाबा रे, कवितेलाही खाते असते. ते लिही.

का, ते सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. रेणापुरात आम्ही उघड्यावर धावलो. तिकडे किल्लारी-सास्तूरकडे मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. पुढच्या आठवड्यात मी एक गाणे लिहिले. पडलेल्या घराच्या उंबरठ्याशी एक बाई बोलते आहे, असे ते गाणे. एका कलापथकाने मागितले, मी कागद काढून दिला. नक्कल ठेवली नाही, तारीख टाकली नाही, सही तर दूरच. गाणे मदतफेऱ्यांतून फिरले, याचा आनंदच होता.

वर्षभराने आईला घेऊन काळी-पिवळी जीपने लातूरला दवाखान्यात निघालो होतो. ड्रायव्हरने कॅसेट लावली आणि माझे गाणे वाजू लागले. आईने लगेच ओळखले. आम्ही घरात दखनी बोलतो. ती म्हणाली, ''ये गाना तेराच है ना?'' मी ड्रायव्हरकडून कॅसेटचे कव्हर मागून घेतले. त्यावर छापले होते, 'गीत : पारंपरिक'. आईला वाचता येत नव्हते. तिने विचारले, काय लिहिले आहे? मी म्हणालो, हे कुणी लिहिले ते ठाऊक नाही, असे लिहिले आहे. ती जीपभर ऐकू जाईल असे म्हणाली, ''मालूम नईं? तू तो इधरच बैठा है!''

लोक हसले. मीही हसलो. पण ते वाक्य बरीच वर्षे मनात सलत राहिले.

पोरा, तुला तेव्हा कायदा ठाऊक नव्हता. तो समजायला वकील लागत नाही. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. त्यात मुद्दा साधा आहे : कविता तू लिहिलीस त्या क्षणी तिचा हक्क तुझा झाला. त्यासाठी कुठे नोंदणी करावीच लागते असे नाही. तो हक्क तुझ्या हयातीत तुझा, आणि तुझ्या मागे साठ वर्षे तुझ्या वारसांचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि तुझ्या सहीनेच देता येतो. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरता धरतो. कागदात वेगळे काही ठरले नसेल आणि घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही, तर तो परत तुझ्याकडे येतो. २०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकाराने ध्वनिमुद्रणासाठी गाणे दिले, तरी त्याच्या पुढच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. तसे लिहून घेतले तरी ते चालत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे : हक्क विकला तरी नाव विकले जात नाही. हे माझे आहे, असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

म्हणून वहीत पहिला रकाना असा कर : कविता, लिहिल्याची तारीख, कुणाला दिली, कशासाठी दिली. नक्कल ठेवल्याशिवाय कागद हातचा सोडू नको. आता तर फोनवर फोटो काढला की काम भागते. फुकट द्यायची असेल तर खुशाल दे, मीही आजवर पुष्कळ फुकट दिले आहे. पण 'कार्यक्रमापुरती, नावासह' असे दोन शब्द लिहून दे. हे व्यवहारी होणे नाही. पट्टीवर माल कुणाचा ते लिहितोस, तसेच हे.

इथवर माझी तक्रार. आता माझ्या नावे काय आहे ते सांगतो. कारण एकच बाजू लिहिलेली वही खोटी असते.

दहा-बारा वर्षांनी एका दुपारी आई अंगणात तूर निवडत होती आणि स्वतःशी गुणगुणत होती. कान देऊन ऐकले तर माझ्या त्या गाण्याचे धृपद. मला वाटले, माझे गाणे तिला पाठ झाले. विचारले, तर म्हणाली, हे तर जात्यावरचे. तिची आई म्हणायची, मधली उंबरठ्याची ओळ तिने स्वतः जोडली. मी गारच पडलो. लहानपणी तिच्या मांडीवर डोके ठेवून जात्याच्या घरघरीत ती ओळ मी शेकडो वेळा ऐकली असणार. भूकंपानंतर ती वर आली, आणि मला वाटले मला सुचली! कॅसेटवाल्याने मला 'पारंपरिक' करून टाकले म्हणून मी दहा वर्षे फुणफुणत होतो. मी तर आईला तेवढेही केले नव्हते.

सोपानदेव चौधरी स्वतः नावाजलेले कवी होते. आई बहिणाबाई शेतात, घरात, जात्यावर जे म्हणत, ते उतरवून ठेवले गेले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचे नाव मराठी कवितेत कायमचे लागले. मुलाने आईची ओळ आईच्याच खात्यात जमा केली, म्हणून ते झाले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. त्या कामात मला मोठी वाटते ती गोष्ट ही की ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. ज्याला आपण इतकी वर्षे 'पारंपरिक' म्हणत आलो, ते कुणा ना कुणा बाईचे होते.

तेव्हा वहीत दुसरा रकाना कर : कुणाकडून काय घेतले.

आता भाषेचे. पोरा, तुला पुढे हरेक व्यासपीठावर कौतुकाने विचारतील, तुम्ही मुस्लिम असून इतके चांगले मराठी कसे लिहिता? विचारणारा चांगलाच माणूस असतो. रागावू नको, पण खुलासाही देत बसू नको. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला तो १६४५ साली. बार्शीला १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या आवाजाने भरल्या. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. वाट जुनी आहे. माझी आई चुलीपाशी दखनी बोले आणि शेजारणीबरोबर जात्यावर बसली की ओवी मराठीत म्हणे. तिला त्यात काही बदलल्यासारखे वाटत नसे. आमच्या दखनीतला 'नक्को' मराठीचाच, 'काय कू' मधला 'काय' मराठीचाच, आणि 'तेराच', 'इधरच' मधला तो ठसकेबाज 'च' सुद्धा मराठीचाच. पहिली दहा वर्षे तू घरचे शब्द लपवलेस आणि पुस्तकातले शब्द वापरलेस. त्या कविता आज मलाच वाचवत नाहीत. आणि ईदच्या सुमारास ऐक्यावर कविता वाचायला बोलावतील, तेव्हा जरूर जा. पण ऐक्याची एक वाचून झाली की तुरीच्या भावावरची दुसरी वाच.

कामाचे तेच. कविसंमेलनात ओळख करून देताना कुणी विचारले, काय करता? तर तू 'पत्रकारितेत आहे' म्हणून ठोकून द्यायचास. आडतीवर मुनीम आहे म्हणायची लाज वाटायची. आपल्या मराठवाड्याचे बी. रघुनाथ घे. सातोन्याचे. निजामाच्या राज्यात, जिथे कारभाराची भाषा उर्दू होती, तिथे बांधकाम खात्यात कारकुनी केली. 'आलाप आणि विलाप' हा संग्रह १९४१ साली आला, कथा आणि कादंबऱ्याही लिहिल्या. १९५३ साली गेले तेव्हा वय अवघे चाळीस. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' त्यांच्या मागे, १९५५ साली निघाला. नारायण सुर्वे गिरणीत होते, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' आले तेव्हा १९६२ साल होते. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मी दोन दिवसांची रजा टाकून गेलो आणि मंडपाच्या कडेला उभा राहून ऐकले. पण परतताना माझ्या डोक्यात एवढेच आले की आपणही नोकरी सोडावी! सुर्व्यांनी गिरणी कवितेत आणली, हे तेव्हा ध्यानातच आले नाही. मी रोज ज्या काट्यावर धान्य मोजले जाताना पाहत होतो, कट्टा उतरवताना हमालाच्या पाठीचा कणा कसा वाकतो ते पाहत होतो, त्यावर पहिली ओळ लिहायला मला चाळिशी यावी लागली. नोकरी सोडू नको. तिचे शब्द मात्र वहीत उतरवून घे.

आणि पैशाचे. १९९८ साली पहिला संग्रह निघाला. प्रकाशकाने छपाईचा खर्च मागितला. मी पतसंस्थेतून कर्ज काढले, मेहुणा जामीन राहिला. कागदावर न वाचता सही केली. पाचशे प्रती छापल्या असे सांगितले, त्यातल्या तीनशे माझ्याच घरी आल्या आणि पलंगाखाली राहिल्या. हप्ते तीन वर्षे चालले. त्यातले निम्मे माझ्या बायकोने शिवणकाम करून भरले. त्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत एका थोर समीक्षकांचे नाव आहे. त्यांनी ते पुस्तक वाचले की नाही, मला ठाऊक नाही. बायकोचे नाव कुठेच नाही.

म्हणून सांगतो : आधी नियतकालिकांत छापून येऊ दे. धुळ्याचे 'कवितारती', आपल्या साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान', अशांनी कितीतरी नव्या कवींना उभे केले. परत आलेली कविता ही फुकट मिळालेली शिकवणी असते. पुस्तकाची घाई नको. खर्च करायचाच झाला तर किती प्रती, कुणाच्या ताब्यात, विक्रीचा हिशेब कधी, हे लिहून घे. आणि कार्यक्रमाला बोलावणाऱ्याला एसटीचे भाडे आधीच विचार. शाल घालून रात्री अकराला स्टँडवर सोडून जातात, आणि शालीवर कंडक्टर तिकीट देत नाही.

दुसरा संग्रह निघाला तेव्हा उंबरठ्याच्या त्या गाण्याखाली मी छापून घेतले : धृपद आईचे, आणि पुढे तिचे नाव. पुस्तक घेऊन तिच्यापाशी बसलो. म्हातारीने चष्मा नसलेल्या डोळ्यांनी पान जवळ घेतले, लांब धरले. मग विचारले, ''इसमें मैं कां है?'' मी तिचे बोट धरून त्या अक्षरांवर ठेवले. तिने ते जरा वेळ तिथेच ठेवले आणि म्हणाली, ''माँ का नाम भी लिखना था.''

खरेच होते. मूळ ओळ तिच्या आईची होती. ती नोंद अजून बाकी आहे. पुढच्या आवृत्तीत करायची आहे.