सातच्या आत, सातनंतर

आमच्या घरी ‘सातच्या आत घरात’ हा नियम होता. २००४ मध्ये त्याच नावाचा मराठी सिनेमा आला, तेव्हा आपल्या बाजूने कुणीतरी बोललं म्हणून आईला कोण आनंद झाला होता. पुढे मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधनाला लागले आणि साडेअकराच्या पुढची लोकल रोजचीच झाली. आता मुलीला कॉलेजातून यायला उशीर झाला की माझ्याही तोंडी तेच तीन शब्द येतात. त्यामुळे रात्री बाहेर असलेल्या बाईच्या सुरक्षिततेबद्दलचे गैरसमज निव्वळ दुसऱ्यांचे आहेत असं म्हणायची सोय मला नाही.

सगळ्यात जुना गैरसमज घड्याळाचा. मुंबईत शक्ती मिलच्या आवारात २२ ऑगस्ट २०१३ रोजी एका तरुण छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला, तो संध्याकाळी. ती कामावर होती आणि सोबत पुरुष सहकारी होता. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ ला तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला तो रात्री नऊ-साडेनऊच्या सुमाराला; तीही मित्राबरोबर होती, घरी जायला बसमध्ये चढली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात जिचा बळी गेला ती डॉक्टर तर स्वतःच्या इस्पितळात ड्युटीवर होती. आणि पुण्याचं स्वारगेट बसस्थानक, २५ फेब्रुवारी २०२५, पहाटे पावणेसहाच्या आसपास. तक्रारीनुसार एका माणसाने तिथे थांबलेल्या तरुणीशी ‘ताई’ म्हणत बोलणं काढलं, फलटणची गाडी इथे नाही, तिकडे लागते असं सांगितलं आणि तिला बाजूला उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये नेऊन तिच्यावर बलात्कार केला. स्थानकात माणसं होती, गाड्या लागत-सुटत होत्या.

म्हणजे रात्र आणि दिवस सारखेच, असं मुळीच नाही. रात्री माणसं कमी असतात, गाड्या कमी असतात, मदत लांब असते. पण वरच्या चारही ठिकाणी ‘एकटी कशाला गेली’ किंवा ‘इतक्या उशिरा बाहेर काय काम’ यातला एक तरी प्रश्न गैरलागू आहे. स्वारगेटवरून घ्यायचंच तर एवढं घ्यावं की गाडी कुठे लागते हे चौकशीच्या खिडकीवर किंवा गणवेशातल्या वाहकाला विचारावं, आणि आपण न विचारता कुणी सांगायला आलं तर तिथेच उभं राहावं. ‘ताई’ म्हणणारा प्रत्येक जण भाऊ नसतो हे लिहायला वाईट वाटतं, कारण याच शब्दाच्या भरवशावर आपण इतकी वर्षं फिरलो.

दुसरा गैरसमज अनोळखी माणसाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे आहेत आणि त्यांतल्या ९६ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा होता. नातेवाईक, शेजारी, मित्र, ऑनलाइन ओळख झालेला, लग्नाचं वचन दिलेला, असे सगळे त्यात धरलेले आहेत, शिवाय हे फक्त नोंदलेले गुन्हे. तरीही अंधारात दबा धरून बसलेला परका माणूस हे जे चित्र आपण मुलींच्या डोक्यात भरवतो, ते या आकड्याला धरून नाही. उशीर झाल्यावर ‘मी सोडतो ना, त्याच बाजूला चाललोय’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाबद्दल मन कां-कूं करत असेल, तर भिडेखातर त्याच्या गाडीत बसू नये. ‘नको, माझी रिक्षा आली’ एवढं पुरतं. रिक्षा आलेली नसली तरी चालतं.

मग व्हॉट्सॲप. ‘आता कलम २३३ खाली बाईला हल्लेखोराला ठार मारण्याचा अधिकार मिळाला, सर्व भगिनींना कळवा’ हा मजकूर तुम्हालाही आला असेल. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम २३३ खोटी नाणी पाडण्याच्या अवजारांबद्दल होतं! खुद्द स्वसंरक्षणाचा अधिकार मात्र खरा आहे आणि नवा तर अजिबात नाही. तो १८६० च्या संहितेतही होता. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ नुसार बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा हेतूने कुणी अंगावर आला, तर प्रतिकारात त्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. धोका टळल्यावर, पळून चाललेल्याचा पाठलाग करून मारायला मात्र हे कलम उपयोगी नाही. त्याच माळेतला दुसरा मणी म्हणजे एटीएमचा पिन उलटा टाकला की पोलीस येतात. येत नाहीत. पैसे मागितले तर देऊन टाकावेत. पर्स दूर एका बाजूला फेकून दुसऱ्या बाजूला पळणं त्याहून बरं.

‘रात्री पोलीस घरी फुकट सोडतात’ याचं जरा वेगळं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूर पोलिसांनी रात्री नऊ ते पहाटे पाच अशी सोय खरोखरच जाहीर केली होती. मग तोच मजकूर शहराचं नाव गाळून, भलतेच नंबर जोडून देशभर फिरला. लक्षात ठेवायचा नंबर एकच, ११२. फोन लॉक असतानाही तो लागतो. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांत आणीबाणीचं बटण असावं असा केंद्राचा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर बाजूचं बटण भराभर दाबायचं. तीनदा की पाचदा हे फोनगणिक बदलतं, तेव्हा आपल्या फोनचं सेटिंग आधीच उघडून बघावं.

पोलीस ठाण्याच्या हद्दीबद्दलचा गैरसमज बायकांचा कमी आणि पोलिसांचाच जास्त. माझ्या एका सहकारिणीला स्टेशनच्या पुलावर एकाने अंगचटीला येऊन त्रास दिला. ती तडक चौकीत गेली, तर हवालदाराने विचारलं, ‘वरच्या पायऱ्यांवर की खालच्या?’ वरच्या म्हणजे रेल्वेचं ठाणं, खालच्या म्हणजे शहराचं. पायऱ्या मोजत बसायला ती काय इंजिनिअर होती? तक्रार न देताच ती घरी आली. वस्तुस्थिती अशी की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. ‘झिरो एफआयआर’ म्हणतात ती हीच. खबर ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. बलात्कार, विनयभंग यांसारख्या गुन्ह्यांची खबर नोंदवायला नकार देणाऱ्या सरकारी सेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही; पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यायचं असतं. आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी हवी.

‘खरंच तसं घडलं असतं तर ती ओरडली असती’ या वाक्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे प्रतिकार नाही, अशी त्यामागची मांडणी. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आजच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की शरीराने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही. भीतीने माणूस थिजतो. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ही शरीराचीच प्रतिक्रिया आहे. थिजलेल्या मुलीला नंतर ‘एक कानाखाली का नाही लगावलीस’ असं विचारणाऱ्या मावश्या-काकूंनी एवढं तरी वाचावं.

आवाज फुटला तर मात्र नुसतं ‘वाचवा’ ओरडून भागत नाही. गर्दीत प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी जाईल. एकाच माणसाकडे बोट करावं: ‘ओ निळ्या शर्टवाले दादा, ११२ ला फोन लावा!’ नाव घेतल्यासारखं झालं की माणूस हलतो.

बाकी बारीकसारीक. कुणी मागे येतंय असं वाटलं तर घराकडे धाव घेणं हा आपला पहिला विचार असतो आणि तो चुकीचा. त्याला फुकटात पत्ता कळतो. रात्रभर उघडं असलेलं औषधाचं दुकान, इस्पितळाचा अपघात विभाग, पेट्रोलपंप, जे जवळ असेल त्यात शिरावं. पाठलाग हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद. टॅक्सी आली की ‘तुम्ही सुजातासाठी आलात का?’ असं विचारू नये. ‘कुणाचं बुकिंग आहे?’ विचारावं आणि नाव त्याला सांगू द्यावं. गाडीचा नंबर आधी जुळवावा. लोकेशन पाठवलं की झालं, हाही भ्रमच. ज्याला पाठवलं तो झोपला असेल तर ते लोकेशन एकटंच जागं राहतं. मिरचीच्या फवाऱ्याला परवाना लागत नाही, पण पर्सच्या तळाशी, डब्याखाली असलेला फवारा घरीच ठेवल्यासारखा. वारा आपल्याकडे येत असेल तर तो आपल्याच डोळ्यांत जातो.

रस्त्यावर दिवे लावले की रस्ता सुरक्षित झाला, असं नगरसेवक सांगतात. आमच्या स्टेशनबाहेरचा नवा, झगझगीत पादचारी पूल रात्री मला नकोसा वाटतो. दोन्ही बाजूंनी उंच पत्रे, मधे उतरायला वाट नाही, चिटपाखरू नाही. खालचा कळकट रस्ता बरा, कारण तिथे अंडाभुर्जीची गाडी असते, रिक्षावाले पत्ते कुटत असतात आणि गजरेवाली उरलेली फुलं ओल्या फडक्यात बांधत असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ या मुंबईवरच्या पुस्तकात मांडलं आहे की बाईला रस्त्यावर असण्यासाठी सतत काहीतरी कारण दाखवावं लागतं, आणि विनाकारण रेंगाळण्याचाही तिला हक्क हवा. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की रेंगाळणाऱ्या बायका जितक्या जास्त, तितका माझा साडेअकराचा रस्ता भरलेला.

आणि लोकलचं. महिलांचे सगळे डबे रात्रभर महिलांचेच राहतात असं समजू नका. काही डबे ठरावीक वेळेनंतर सर्वांसाठी खुले होतात. वेळ डब्यावरच रंगवलेली असते. ‘२४ तास’ लिहिलेला डबा बघून चढा. गाडीत मदत लागली तर रेल्वेचा नंबर १३९. योगायोग असा की १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं कलमही १३९ च आहे. सोबत पुरुष नसलेल्या बाईकडे तिकीट नसलं, तरी तिला वाटेतल्या कुठल्याही स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून निघाली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, एवढ्याच जागी आणि तेही फक्त दिवसाउजेडी.