तुमच्या आईचा खुबा मोडला होता का?

“आमच्या घरात सगळ्याच बायकांची हाडं कच्ची.” तुर्भे, रबाळे, दिघ्याच्या वस्त्यांत बैठका घेताना हे वाक्य आम्ही हमखास ऐकतो. बोलणारी बाई ते नशिबावर सोडून देते. पण त्यात नशीब नाही, विज्ञान आहे.

हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं भरतात. खाणाऱ्या पेशींना आवर घालतं ते इस्ट्रोजेन हे हार्मोन. पाळी जाते तेव्हा ते घटतं, आणि पुढची काही वर्षं भर कमी, झीज जास्त होते.

मात्र हार्मोन रक्तात असून भागत नाही, पेशीनं ते ओळखावं लागतं. हार्मोन ही किल्ली, तर पेशीत तिचं कुलूप असतं. या कुलपाची घडण आईवडिलांकडून आलेलं जनुक ठरवतं. 1994 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 28 वर्षांच्या एका पुरुषाची नोंद केली. त्याच्या रक्तात इस्ट्रोजेन भरपूर होतं, पण कुलूपच बिघडलेलं, म्हणून हाडं विरळ झाली होती. इतका बिघाड अत्यंत दुर्मीळ. किरकोळ फरक मात्र आपल्या सगळ्यांत असतात. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पाळी गेलेल्या भारतीय स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन आणि ‘ड’ जीवनसत्त्व या दोन्हींच्या कुलपांची जनुकं तपासली. 2006 मध्ये हे अभ्यास प्रसिद्ध झाले. जनुकांतल्या काही फरकांचा हाडांच्या घनतेशी संबंध दिसला.

मग जनुकाची महागडी तपासणी करायची का? गरज नाही. अशी शेकडो जनुकं मिळून हाड घडवतात, एकेकाचा वाटा छोटा असतो. बिनपैशाची तपासणी घरातच आहे: आईचा किंवा वडिलांचा खुबा साध्या पडण्यानं मोडला होता का? पाठीत बाक आला होता का? उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना न विचारता सांगा.

गर्भपिशवी काढली असेल तर तेही सांगा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा ऑपरेशनांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलं, तर इस्ट्रोजेन एकदम थांबतं. तिथे जनुक चांगलं असूनही हाड झिजतं.

उंची कमी झाली, पाठ सतत दुखते, साध्या पडण्यानं मनगट मोडलं, तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. पालिकेच्या रुग्णालयात डेक्सा तपासणीबद्दल विचारा. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली आहेत. त्यावर औषधं आहेत, नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर भागत नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला 1200. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम असतं. तीळ, शेवग्याचा पाला, सुकट, ताकही ताटात हवं. चाळीच्या अंधाऱ्या खोलीतून रोज थोडा वेळ उन्हात या, चाला. तंबाखू सोडा.

आणि मुलींकडे बघा. हाडांची बहुतेक पुंजी विशी-पंचविशीपर्यंतच जमते. दूध आधी भावाला, उरलं तर बहिणीला, असं घरात चालत असेल तर तिच्या म्हातारपणीचं हाड आजच मोडतंय. जनुक बदलता येत नाही. वाटणी बदलता येते.